पुसलेली डावी बाजू

समुद्राखाली दोनशे मीटरवर दिवस काय नि रात्र काय, सारखंच. वसाहतीच्या काचेबाहेर भरदुपारीही काळंभोर पाणी असायचं आणि एखादा मासा आत टक लावून बघत राहायचा. शाल्मलीला त्याचं काही वाटत नसे. तिला भीती वाटायची ती जेवणघराची.

चाळीस माणसं पुढ्यात करडी लापशी घेऊन बसायची आणि चमच्यांखेरीज कसला आवाज नसायचा. सात-आठ घास झाले की एकेक चमचा खाली ठेवला जाई. मग छतातून ‘सुगरण’ या स्वयंपाकी यंत्राचा गोड आवाज येई, "आपण तृप्त आहात." आणि अर्धवट भरलेली ताटं निमूटपणे परत जात.

खरी गोम अशी, की त्या लापशीत काही म्हणजे काही कमी नव्हतं. ज्याला लागतील तेवढी प्रथिनं (शरीराची वाढ करणारा आणि झीज भरून काढणारा अन्नातला भाग), तेवढेच उष्मांक (अन्नातल्या ऊर्जेचं माप). तरी सगळे वाळत चालले होते, आणि सर्वांत जास्त भाऊआजोबा. सुगरण घडवली होती त्यांनीच, अन् आता त्यांचाच सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसे. "आणखी एक किलो उतरलं, तर यांना वर जमिनीवर पाठवावं लागेल," असं डॉक्टर नीलाक्षींनी सांगून टाकलं होतं. वर आजोबांचं आता कुणीच उरलं नव्हतं. ते ऐकून शाल्मलीला रडूच फुटलं होतं.

"आजोबा, खा ना हो."

"खातोय गं. पण घास तोंडात नुसता फिरतो."

शाल्मलीनं हळूच खिशातून बाटली काढली. वरून मावशीनं पाठवलेलं लिंबाचं लोणचं. यादीबाहेरचं अन्न सुगरण जप्त करायची, म्हणून तिनं ते महिनाभर लपवलं होतं. तिनं एक फोड आजोबांच्या ताटात डावीकडे ठेवली.

वास सुटला आणि चाळीस माना एकदम वळल्या. नुसत्या नाकपुड्या हलत होत्या. तेवढ्यात छतातून एक लांब हात सरसरत खाली आला.

"अनोळखी पदार्थ. द्या."

"नाही देणार!" तिनं बाटली पोटाशी धरली.

आजोबांनी मात्र फोड जिभेला लावली होती. त्यांनी लापशीचा घास घेतला. मग आणखी एक. आठवा झाला, नववा झाला, दहावा झाला.

"थांब, सुगरण," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तुला शिकवताना मी नियम घातला, की चमचाभरही नसेल ते पोषणात धरायचं नाही. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं... ताटाची अख्खी डावी बाजूच पुसून टाकली मी!"

"पण तेवढ्याशानं काय होतं?" शाल्मलीनं विचारलं.

"तुझ्या तोंडाला आत्ता काय सुटलं?"

"पाणी!"

"ती लाळ. चविष्ट वास आला, की घास पोचण्याआधीच तोंडात लाळ आणि पोटात जठररस (अन्न पचवणारा आंबट रस) तयार होऊ लागतो. आणि एकच चव सारखी मिळाली, की मेंदू कंटाळतो आणि शरीराची गरज भागण्याआधीच ‘पुरे’ म्हणतो. मध्येच चव बदलली, की तो पुन्हा ताजातवाना."

"मग उद्यापासून नुसतं लोणचंच खाऊ!"

"वा गं शहाणे! एवढ्या मिठानं रक्तदाब (रक्ताचा रक्तवाहिन्यांवर पडणारा दाब) वाढेल त्याचं काय? शिवाय चवीच्या नादी लागलं, की पोट भरल्यावरही माणूस खात सुटतो. म्हणून डावी बाजू चिमटीएवढी. उजवीकडे पोटाचं, डावीकडे जिभेचं. दोघांनाही वाढायचं."

तो हात अजून बाटलीवर तसाच लोंबत होता. "डावी बाजू माझ्या नोंदीत नाही," सुगरण म्हणाली. मग तो हात सावकाश मागे सरला. "शिकवा."

वसाहतीच्या बागेत पुदिना आणि मिरच्या होत्या, पण त्या हवा शुद्ध राहावी म्हणून लावलेल्या. त्या खायच्या असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक ताटात लापशीच्या डावीकडे बोराएवढी हिरवी चटणी होती. कुणी हाय-हुय करत पाणी मागितलं, कुणी त्याला हसलं. डॉक्टर नीलाक्षींनी तर आजोबांना महिनाभराची मुदत देऊन वजनकाटा कपाटात ठेवून दिला.

पंधरा घास झाले. शाल्मली छताकडे बघत ते नेहमीचं वाक्य येण्याची वाट पाहत होती. ते आलं नाही. लांब हात आजोबांच्या ताटाशी येऊन थांबला.

"आणखी वाढू?"

सुगरणनं आजवर कुणाला काही विचारलंच नव्हतं. आजोबांनी डोळे पुसले आणि ताट पुढे केलं.

"लापशी वाढ," ते म्हणाले. "चटणी आहे अजून."