उघडी पाठ

उजाडता उजाडता रुद्रगडाच्या बालेकिल्ल्यावर नगारा झडला, सदरेवर बिछायती पडल्या आणि मुसा रेनार या फरासीस चिताऱ्याने रंगवलेला गडाच्या झुंजीचा दीड पुरुष उंचीचा पट चार हशमांनी आणून भिंतीला टेकवला. श्रीमंतांच्या हस्ते त्यावरचा पडदा दूर व्हायचा होता आणि त्याच घटकेला हैबतराव खराड्यांना किल्लेदारीची वस्त्रे मिळायची होती.

चिकाच्या पडद्याआड गोजराबाई बसली होती. गेल्या साली गनिमाने गड घेतला, तेव्हा तिचे यजमान, किल्लेदार सिधोजीराव, महादरवाज्यात पडले. दरवाजा आतूनच कोणीतरी उघडला होता. तोफांच्या धुरात, तोंडाला मुंडासे गुंडाळून अडसर ओढणाऱ्या त्या हरामखोरावर गोजराबाईने वरून उकळत्या तेलाची कढई उपडी केली होती. पुढे श्रीमंतांनी गड परत जिंकला, आणि दरवाजा उघडला तेव्हा आपण पल्याडच्या बुरुजावर झुंजत होतो, असे हैबतराव छाती काढून सांगू लागला.

रेनार आपल्या मुलखात जुन्या वीरांचे भव्य पट जवसाच्या तेलातल्या रंगांनी रंगवायला शिकला होता. आधी माणूस उघडा काढायचा, हाडामासाचा मेळ जमला की मग त्यावर कपडे चढवायचे, ही त्याची रीत. शोक करणारी पत्नी म्हणून गोजराबाईला बैठकीला बोलावले, तेव्हा कोळशाने काढलेल्या कागदांत तिला हैबतरावाची पाठ दिसली. मानेपासून डाव्या खांद्यापर्यंत कातडी भाजून चुरगळली होती. अंगरख्याखाली सगळे झाकले जाईल, या भरवशावर तो मूर्ख फिरंग्यापुढे उघडा बसला होता.

तिने रेनारला सारे सांगितले. "ही पाठ झाकू नका, मुसा."

रेनारने हातातला कोळसा खाली ठेवला. "माझ्या देशात मी एका खुन्याला देव करून रंगवलं, बाई," तो म्हणाला. "पुन्हा नाही."

पडदा सरला. पटावर सारे शिलेदार पोशाखात होते. मध्यभागी पाठमोरा, तलवार उगारलेला हैबतराव तेवढा कमरेपर्यंत उघडा होता. सदरेवरच्या माना हैबतरावाकडे वळल्या.

हैबतराव हसला. "त्यांच्याकडे वीर उघडेच काढतात, श्रीमंत. डाग त्याने मनचा काढलाय."

चीक बाजूला सारून गोजराबाई भर सदरेत आली. "मनचा असेल तर रावांनी अंगरखा उतरवावा. दरवाजा उघडणाऱ्याच्या पाठीवर मी तेल ओतलं होतं. पाठ कोरी निघाली तर कडेलोट माझा करावा."

"हैबतराव, अंगरखा उतरवा," श्रीमंत म्हणाले.

त्याचा हात बंदांकडे गेलाच नाही. शेवटी हशमांनी अंगरखा फाडला, आणि पटावरची पाठ नि माणसाची पाठ सगळ्यांनी शेजारी शेजारी पाहिली.

कडेलोटाचा हुकूम झाला. "आणि मुसा, त्या पटावर अंगरखा चढवा," श्रीमंत खिन्नपणे म्हणाले. "गडाची बदनामी नको."

"श्रीमंतांचा न्याय झाला," गोजराबाई म्हणाली, "माझा सूड बाकी आहे. पट असाच इथं राहू द्यावा. हैबतरावाचे दोन कर्ते लेक दर दसऱ्याला याच सदरेवर, याच पाठीसमोर मुजऱ्याला येतील."

श्रीमंतांनी तिच्याकडे रोखून पाहिले आणि होकारार्थी मान हलवली.

दसऱ्याला ते दोघे आले. बापाच्या पाठीसमोर वाकून त्यांनी तीनदा मुजरा केला. गोजराबाई चिकाआडून शेवटपर्यंत पाहत राहिली, आणि तिला त्यांची जराही कीव आली नाही.