नावं संपल्यावर

ईदच्या पहिल्या दिवशी सकाळी नशवा काहिराच्या शुब्रा भागातल्या घरी, आईसमोर बसून कहक, ईदची साखर भुरभुरलेली बिस्किटं, खात होती. रोज्यांचा महिना संपला होता. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं आणि खालच्या गल्लीत नव्या कपड्यांतली पोरं काठ्या फिरवत ओरडत होती, "गफीर! गफीर!"

"ही सगळी तुझी करणी," आई म्हणाली. "कान किटले माझे."

नशवा हसली. बोटांना लागलेली पिठीसाखर तिनं चाटली. गफीर म्हणजे गावाचा काठीवाला जागल्या. त्याच नावाच्या ज्या चित्रपटाची सगळं काहिरा वर्षभर वाट पाहत होतं, त्याचं संकलन तिनं केलं होतं. आपल्या मातीतला, आपल्याच भाषेत शिव्या हासडणारा महानायक. तपकिरी लोकरी टोपी, तोंडावर मुखवटा, हातात काठी. पहिली झलक आली त्या दिवसापासून अताबाच्या बाजारात तसल्या टोप्या मिळेनाशा झाल्या होत्या. थिएटरात काठ्या आणायच्या नाहीत असं पोलिसांनी बजावलं, तर पोरांनी वर्तमानपत्रांच्या सुरळ्या करून त्या काठ्यांसारख्या रंगवल्या.

मुखवट्याआड बहुतेक वेळा तिचा धाकटा भाऊ हातिम असायचा. उघड्या चेहऱ्याचा नट वेगळा, नावाजलेला. पण छपरांवरून धावणं, गच्चीवरून उडी घेणं हे सारं हातिमचं. आत्ता तो आतल्या खोलीत उताणा पडून घोरत होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, नशवाचं लग्नही कधीच मोडलं होतं. घरात ही तिघंच.

फोन वाजला. निर्माते रुश्दी होते. मागे प्रचंड गलका.

"पोरी, कमाल केलीस! काल रात्रीच्या पहिल्याच खेळापासून तिकीटबारीवर मारामारी चालू आहे. इस्कंदरिया, तांता, मन्सूरा, सगळीकडे हाऊसफुल्ल. आणि तो शेवटचा प्रसंग! माझ्यापासूनसुद्धा लपवलास?"

"कुठला प्रसंग?"

"शेवटी पडद्यावर नावं येतात ना, ती संपल्यावरचा."

"रुश्दीसाहेब, नावं संपल्यावर काही नाहीये. नावं संपली की संपलं."

पलीकडे ते हसले. "बरं बरं. कळलं. मीही तोंड उघडणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

नशवाला वाटलं, ईदच्या आनंदात साहेबांनी काहीतरी भलतंच ऐकलं असावं. पण संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर तेच येत राहिलं. ओळखीचे, अनोळखी, सगळे एकच सांगत होते: नावं संपली तरी उठू नका. शेवटचा प्रसंग पाहा. काय आहे ते मात्र कुणी लिहीत नव्हतं. चाहत्यांनी शपथच घातली होती; जो फोडेल तो गफीरचा माणूस नव्हे. एरवी पहिल्या खेळाला जाऊन दुसऱ्यांचा विरस करणारी टवाळ पोरंही गप्प होती. एकानं नुसतं एवढं लिहिलं होतं, "मी पुन्हा गेलो. पुन्हा तसंच रडलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुक्की भागातल्या आपल्या संकलनाच्या खोलीत गेली. पडदे ओढून तिनं मूळ प्रत शेवटापासून लावली. कलाकार, तंत्रज्ञ, आभार. तिचं नाव. मग काळं. मग शेवट. तिनं पुन्हा लावली. काळ्या भागाचं एकेक चित्र तिनं पुढे सरकवून पाहिलं. कुठे काही नव्हतं.

तलत हर्ब रस्त्यावरच्या झहरा थिएटरात बयूमी नावाचा जुना ओळखीचा माणूस चित्रपट दाखवायचं काम करायचा. तिनं त्याला फोन केला.

"तुमच्याकडे आलेली प्रत माझ्यासारखीच आहे ना?"

"तीच आहे मॅडम. नावं संपली की यंत्र बंद होतं."

"मग लोक काय बघतात?"

"मी वरच्या खोलीत असतो मॅडम. मला पडदा नीट दिसत नाही. लोक उठत नाहीत एवढं दिसतं. ते उठेपर्यंत मी दिवे लावत नाही."

"का?"

"पहिल्या खेळाला लावले होते," तो म्हणाला. "कुणीतरी खालून ओरडलं. तसं ओरडणं मी थिएटरात कधी ऐकलं नव्हतं."

नशवा दुपारच्या खेळाला गेली. रस्त्यावर ऊन रणरणत होतं आणि तिकीटबारीपासून पार कोपऱ्यावरच्या रसाच्या दुकानापर्यंत माणसं दाटली होती. टोप्या, सुरळ्या, गालांवर रंगवलेले मुखवटे. तिला आत घेताना दारावरच्या मुलीनं तिकीट फाडलं, तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. नशवाला ते जरा लागलंच. संकलन करणाऱ्याचा चेहरा कोण ओळखतं?

आत भाजलेल्या बियांचा आणि नव्या कपड्यांच्या खळीचा वास होता. तिच्या शेजारी चष्मा लावलेली एक जाडजूड बाई नवरामुलांसह बसली होती. चित्रपट सुरू झाला आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. जिथे लोकांनी हसावं म्हणून तिनं दृश्य कापलं होतं तिथे ते हसले. जिथे श्वास रोखावा तिथे त्यांनी रोखला. हातिमनं गच्चीवरून झेप घेतली तेव्हा मागच्या रांगेतला कुणी ओरडला, "जपून रे वाघा!" नशवाच्या डोळ्यांत पाणी आलं. घडीभर ती कशासाठी आली होती तेच विसरली.

मग नावं सुरू झाली. तिचं नाव येऊन गेलं. पडदा काळा झाला. वरच्या यंत्राची घरघर थांबली.

कुणी उठलं नाही.

बियांचा आवाज थांबला. इतका वेळ किरकिरणारं कडेवरचं पोर गप्प झालं. काळोखात सगळ्यांच्या माना एकदम, किंचित वर झाल्या, जणू पडद्यावर काहीतरी उंच उभं राहिलं होतं. नशवानंही वर पाहिलं. काळा पडदा. नुसता काळा पडदा.

तिनं शेजारी पाहिलं. लोकांचे चेहरे दिसत होते. काळोखात दिसायला नकोत तितके स्पष्ट. एक फिकट उजेड त्यांच्या गालांवरून हळूहळू सरकत होता, पडद्यावर माणसं हलली की सरकतो तसा. तिनं स्वतःचा हात समोर धरला. हात काळोखातच होता.

शेजारच्या बाईच्या चष्म्याच्या काचांत काहीतरी बारीक हलत होतं. नशवा वाकली. आणखी वाकली. एक दार असावं. दाराशी माणसं. तेवढ्यात बाईनं चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मग बाई तिच्याकडे वळली. तिनं नशवाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो."

हे वाक्य काहिरात एकाच प्रसंगी म्हणतात. मयताच्या घरी.

"तुम्हालाही लाभो," नशवाच्या तोंडून निघून गेलं. लहानपणापासूनची सवय, जीभ थांबत नाही. मग ती दचकली. "पण कोण गेलं? बाई, कोण गेलं?"

"असं काय विचारता?" बाई गोंधळून म्हणाली. "तुम्हीच दाखवलंत ना!"

दिवे लागले. लोक उठले. नशवा मार्गिकेत आली तशी गर्दी दोन्ही बाजूंना सरली. मघाशी आरडाओरडा करणाऱ्या पोरांनी टोप्या काढून हातात घेतल्या. एक म्हातारा छातीवर हात ठेवून जरासा झुकला. तिला वाट करून दिली सगळ्यांनी, पार रस्त्यापर्यंत.

ती टॅक्सीनं घरी आली ती थेट हातिमच्या खोलीत. तो जमिनीवर बसून पायाला पट्टी गुंडाळत होता. चित्रपट चालला म्हटल्यावर रुश्दींनी दुसऱ्या भागाची घोषणा पहिल्याच दिवशी केली होती, आणि त्या भागाच्या झलकेसाठी हातिम उद्या इंबाबाच्या पुलावरून नदीत उडी घेणार होता.

"तू उद्या जायचं नाहीस."

"या बाईसाहेब. हुकूम कुणाचा?"

"हातिम, मी थट्टा करत नाहीये."

तिनं सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला. "अगं, चित्रपट बघून लोक रडले, तर पेढे वाट! आणि त्या बाईनं तुला दुसरीच कुणी समजलं असेल. तुझं तोंड तरी बघ, सुतक असल्यासारखं असतं बारा महिने."

"आईची शपथ आहे तुला."

"आईला मध्ये आणू नकोस. लोक माझ्यासाठी वेडे झालेत नशवा. आजवर मुखवट्यात कोण आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत."

ती बाल्कनीत गेली आणि तिनं रुश्दींना फोन लावला.

"साहेब, त्या प्रसंगात काय आहे ते मला सांगा."

"नशवा..." त्यांचा आवाज एकदम उतरला. "मला वाटलं तू ठरवूनच केलंस. मन घट्ट करून."

"सांगा ना!"

"सांगता येत नाही गं. सकाळी बायकोला सांगायला गेलो. ओठांपर्यंत येतं, आणि मग वाटतं, मोठ्यानं बोललो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"उद्याची उडी रद्द करा. माझा भाऊ पुलावर जाणार नाही."

"करतो रद्द. आत्ता करतो," ते म्हणाले. "पण पोरी, त्यात पूल कुठे आहे?"

रुश्दींनी खरंच उडी रद्द केली. निरोप आला तेव्हा हातिम भडकला. त्यानं पट्टी सोडून भिरकावली. "माझ्या पोटावर पाय देतेस तू! बघतोच तुझा तो प्रसंग. उद्या सगळ्यांदेखत बघतो आणि येऊन सांगतो, काही नाहीये म्हणून."

"मी येते बरोबर."

"काही नको. तुला तसंही दिसत नाही म्हणतेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गल्लीतल्या लोकांबरोबर गेला. खालचा वाणी, समोरचा शिंपी, वरच्या मजल्यावरचं जोडपं, सगळे हसत-खिदळत निघाले. गल्लीतला खरा गफीर आपल्याबरोबर म्हणून पोरं पुढे नाचत होती. नशवानं आईजवळ बसून शेंगा सोलल्या. आई हिरवा, ईदचा नवा रुमाल डोक्याला बांधून टीव्ही बघत होती. चित्रपटानं आजवरचे कमाईचे सगळे विक्रम मोडल्याची बातमी चालू होती. निवेदिका म्हणाली, "आणि तो शेवटचा प्रसंग!" आणि पुढे काही न बोलता तिनं कागदांवर नजर टाकली.

ऊन कलताना हातिम आला. एकटाच. पोरं बरोबर नव्हती. गल्लीतून कसलाही आवाज येत नव्हता.

नशवानं त्याला दारातच धरलं. "काय पाहिलंस?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही नव्हती. त्यानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. असं त्यानं कधीच केलं नव्हतं.

"मी पुलावर जाणार नाही," तो म्हणाला.

"पाहिलंस काय, ते सांग!"

"बस जरा. पाय दुखत असतील तुझे."

तो आईजवळ गेला, त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि टीव्ही बंद केला. मग बैठकीतल्या खुर्च्या उचलून त्यानं भिंतीलगत लावायला घेतल्या. एकामागून एक. आई बघत राहिली.

"पाहुणे येणारेत का रे?"

"हो आई."

जिन्यात पावलं वाजली. खालचा वाणी, शिंपी, वरचं जोडपं. दुपारचे रंगीत कपडे कुणाच्या अंगावर नव्हते. हातिम दारात उजव्या हाताला उभा राहिला. एक दार, दाराशी माणसं; त्या बाईच्या चष्म्याच्या काचांत असंच काहीतरी हललं होतं. प्रत्येकानं त्याचा हात हातात घेतला, मग आईचा, मग नशवाचा. उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो. आई प्रत्येकाला सवयीनं उत्तर देत गेली.

तिघांचे हात हातात घेऊन झाले. घरात चौथं कुणी नव्हतं.

पाहुणे भिंतीलगत बसले. हातिम स्वयंपाकघरात गेला. त्यानं जन्मात कधी चूल पेटवली नव्हती. तो कॉफीचं ताट घेऊन बाहेर आला आणि त्यानं पहिला पेला आईला दिला. आईनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर विसरलास."

"विसरलो नाही, आई."

मयताच्या कॉफीत साखर नसते. आईनं पेला मांडीवर ठेवला. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी तिची नजर टाळली नाही. मग तिनं सावकाश डोक्यावरच्या हिरव्या रुमालाची गाठ सोडली.

"नशवा," ती म्हणाली, "कपाटातून माझा काळा रुमाल आण."

नशवा आतल्या खोलीत गेली. दुपारपासून त्या खोलीत कुणी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं कपाट उघडलं. काळा रुमाल वरच्या फळीवर होता, नीट घडी करून ठेवलेला. तिनं तो उचलला.

रुमालाला इस्त्री केलेली होती, आणि तो अजून कोमट होता.