आधी नाव, मग कात्री

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली आम्हाला मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी दोन ते पाच, मिळायची. एरवी तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत. उत्तरेला तीन मोठ्या खिडक्या, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा आणि सौम्य. शिवणाला असाच उजेड लागतो, असं सांगून आईनं ती खोली मिळवली होती. मी याच वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी करते, त्यामुळे तिला फार भांडावं लागलं नाही.

गोधडीची कल्पना आईची. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ आघाडीवर गेला आणि आईला घरात बसवेना. युद्धात जीव गेलेल्या प्रत्येकासाठी वीतभर लांबीरुंदीचा एक कापडी चौकोन, त्यावर दोऱ्यानं भरलेलं नाव, कोपऱ्यात घरच्यांनी दिलेल्या कपड्याची चिंधी. शर्टाची, दप्तराची, एकदा तर नुसती बूट पुसायच्या फडक्याची. शिवायला येईल तो आपला. कायम येणारे मात्र दोघंच. एक शिंपीणकाकू, ज्यांनी गुडघ्यांपायी दुकान बंद केलं होतं, आणि दुसरे दातांचे डॉक्टर, निवृत्त. त्यांचा टाका आमच्या सगळ्यांत बारीक.

"हिरड्या शिवून हात बसलाय," ते म्हणायचे.

"तरीच कापड निमूट बसतं तुमच्यापुढे. ओरडायला तोंडच नाही त्याला," काकू म्हणायच्या.

आईचा नियम एकच होता. आधी नाव, मग कात्री. घरच्यांकडून नाव आल्याशिवाय चौकोन कापायचा नाही. एकेक तुकडा मोजून कापण्यात निम्मा वेळ जायचा. मी एकदा म्हटलं, पन्नास कापून ठेवू या. तिनं मान वर न करता सांगितलं, "ताट वाढून ठेवलं की जेवणारा येतोच." मी हसले. मला अशी वाक्यं पुस्तकात आवडतात, कामाच्या जागी नाही.

गेल्या हिवाळ्यात, त्याच खोलीत, आई गेली. हातातली सुई तिनं आधी टाचण्यांच्या उशीत नीट खोचली आणि मग पडली. त्यानंतर नऊ आठवड्यांनी युद्ध थांबलं आणि धाकटा परत आला. नऊ आठवडे. घरात शिरल्यावर त्यानं आधी तिच्या चपला कुठे आहेत ते पाहिलं.

तो माझ्याकडेच राहतो. फारसा बोलत नाही. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून खिडकीशी बसतो, जणू ते हात कुणी ठेवायला दिलेत. शुक्रवारी पाचला मात्र मला घ्यायला यायचा आणि कापडाचे गठ्ठे उचलून कपाटात ठेवू लागायचा.

युद्ध संपल्यावर शेवटची यादी आली. नावं सहाशे चौदा. हा आकडा कुठल्याच धड आयतात बसेना. सत्तावीस ओळी, ओळीत तेवीस, असं धरलं तर सहाशे एकवीस होत होते. सात जास्त. ज्यांची नावं कुणालाच कळली नाहीत, त्यांच्यासाठी सात चौकोन मोकळे ठेवू, असं मी ठरवलं. एका दुपारी मी सातही कापले, कडा दुमडल्या आणि शेवटच्या ओळीच्या टोकाला जोडून टाकले.

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या आईला चाललं नसतं हो हे."

"आई नाहीये, काकू," मी म्हटलं. हवं होतं त्यापेक्षा कडक आवाजात.

पुढच्या मंगळवारी आम्ही शेवटची ओळ टेबलावर पसरली. डॉक्टर दात मोजावेत तसे बोट ठेवत गेले.

"मोकळे सहा आहेत."

"सात," मी म्हटलं.

"बाई, मी चाळीस वर्षं बत्तीसपर्यंत मोजलंय. सहा."

सातांतल्या पहिल्या चौकोनावर गडद निळ्या दोऱ्यानं नाव भरलेलं होतं. खाली पेन्सिलीची रेघ नाही. आम्ही सगळेच आधी पेन्सिलीनं अक्षरं काढतो. फक्त आई काढत नसे.

मी जवळून पाहिलं. टाक्यांचा पीळ उलटा होता. आई डावखुरी. आम्ही डावीकडून उजवीकडे भरत जातो, ती उजवीकडून डावीकडे यायची. तिच्या हातून आधी आडनाव उमटायचं, मग नाव. उलटी बाजू पाहिली, तर तीही सुलट बाजूइतकीच स्वच्छ, गाठ कुठे मारली ते कळू नये अशी.

मला आधी भीती वाटली नाही, हे लिहायला हवं. मी वाकले आणि त्या कापडावर गाल टेकला.

"जुना राहिला असेल एखादा," काकू म्हणाल्या, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. तो जुना नव्हता. मी स्वतः कापलेला होता. कपाटाची किल्ली एकच आहे, ती माझ्या पर्समध्ये असते. आणि ते नाव यादीत नव्हतं.

शुक्रवारी धाकटा आला तेव्हा मी त्याला तो चौकोन दाखवला.

"हा इथे कशाला?" तो जवळजवळ हसला. "हा आलाय की परत. शेजारच्या खाटेवर असायचा. इतका घोरायचा, आम्ही म्हणायचो, तूच शत्रूला पत्ता कळवशील. परवाच फोनवर बोललो."

"मग चूक झाली असेल कुणाची तरी."

"उसवून टाक, ताई. ऐकलं तर चिडवेल मला जन्मभर."

मी उसवायच्या आत रविवारी फोन आला. दुपारी जेवून आडवा झाला होता, उठला नाही. वय सत्तावीस. धाकट्यानं फोन खाली ठेवला आणि हात पुन्हा गुडघ्यांमध्ये घातले.

योगायोग असतात. मी नोंदी करणारी बाई, एका विषयाची दोन पुस्तकं एकाच दिवशी आली म्हणून कपाळाला आठी घालत नाही.

मंगळवारी दुसऱ्या मोकळ्या चौकोनावर एक आडनाव होतं. फक्त आडनाव, उजव्या कडेला. डावीकडची जागा कोरी. मी चौकोन हातानं झाकला आणि त्यावर इस्त्रीचं फडकं टाकलं. घरी जाऊन धाकट्याला सहज विचारावं तसं विचारलं, या आडनावाचं तुमच्या तुकडीत कोणी होतं का.

"तिघं होते. एक तिथेच राहिला. दोघं परत आले. का गं?"

"नोंद तपासतेय."

दोघांचे फोन नंबर मिळवता आले असते. मी मिळवले नाहीत. काय सांगणार होते मी त्यांना? शुक्रवारी कपाट उघडलं तेव्हा डावीकडे नाव पूर्ण झालेलं होतं. संध्याकाळी कळलं, दोघांतला एक छपराची दुरुस्ती करताना शिडीवरून पडून गेला.

तिसऱ्या वेळी आडनाव दिसताच मी ते उसवलं. आईच्या बारीक कात्रीनं, एकेक टाका उचलून. निळ्या दोऱ्याचे तुकडे पाकिटात घालून घरी नेले आणि शेगडीत जाळले. कापडावर फक्त भोकं उरली. पुढच्या वेळी नाव तिथेच होतं, त्याच भोकांमधून भरलेलं. या वेळी विचारायची गरज पडली नाही. धाकट्यानंच जेवताना सांगितलं, कोण, कुठे, कसा. मग म्हणाला, "आमची वीस जणांची तुकडी. आठ परत आलो. आता पाच."

मी त्याच्या ताटाकडे पाहत राहिले. तो उरलेल्या पाचांतला एक होता. आणि मोकळे चौकोन चार.

आई असं करणार नाही, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते. तिनं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण तिनं कधी कुठलं नाव नाकारलंही नाही. आलेलं नाव ती निमूट भरायची, कोण, कशानं, काही न विचारता. आता तिला नावं कोण सांगत होतं, हा प्रश्न मी मनातल्या मनातही पुरा होऊ दिला नाही.

त्या शुक्रवारी मी उशीर न करता, दोनच्या ठोक्याला सगळ्यांना टेबलाशी बसवलं. उरलेल्या चारही चौकोनांवर वेल भरायचा, आजच, पाचच्या आत. पानं, देठ, काहीही. बोटभरसुद्धा जागा कोरी राहता कामा नये.

"एवढी घाई? लग्न आहे का गोधडीचं?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी नगरभवनात टांगायचीय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग सुईत हिरवा दोरा ओवला. डॉक्टर म्हणाले, "पानं मला जमत नाहीत, दाढा काढतो." त्यांची पानं खरंच दाढांसारखी झाली आणि आम्ही हसलो. माझ्या बोटात मात्र तीनदा सुई गेली. पावणेपाचला शेवटचा चौकोन भरला. मी सहाशे एकवीस चौकोन पुन्हा मोजले. एकही मोकळा नव्हता.

मंगळवारी काही झालं नाही.

शुक्रवारी काही झालं नाही. वेलांच्या आत, पानांच्या फटीत, मी भिंगानं पाहिलं. फक्त आमचे बावळट टाके. धाकट्याचे चौघंही ठीक होते. त्यानं सगळ्यांना फोन केले होते, मी सांगितलं म्हणून. का, ते मी त्याला सांगितलं नाही. युद्धातून आलेल्या माणसाला असलं काही सांगतात का? आईचा नियमही त्याला कधी सांगितला नव्हता. तो आघाडीवर असताना तो नियम झाला होता.

शनिवारी मी वाचनालयातून दुपारी एकला घरी आले. स्वयंपाकघरात ऊन होतं. धाकटा टेबलाशी बसला होता आणि काहीतरी गुणगुणत होता. त्याचे हात गुडघ्यांमध्ये नव्हते. ते टेबलावर होते.

"ताई, आधी डोळे मीट."

"काय आहे?"

"मीट गं. प्रश्न नको विचारूस."

मी मिटले. कापडाची घडी सरकल्याचा आवाज आला.

"आता उघड."

टेबलावर चौकोनांची चळत होती. वीतभर लांबीरुंदीचे, कडा दुमडून धावदोरा घातलेले. रंग मी ओळखला. त्याच्या गणवेशाचे शर्ट.

"काकू भेटल्या होत्या सकाळी. म्हणाल्या, वेल काढून सगळं भरून टाकलं, आता नवं नाव आलं तर जागा नाही. मला वाटलं, एक ओळ वाढवावी. तेवीस तुकडे बरोबर ना? सकाळपासून बसलोय. शर्ट काय, आता कुठे घालायचेत." त्यानं चळत माझ्याकडे ढकलली. त्याच्या चेहऱ्यावर, परत आल्यापासून पहिल्यांदा, शाबासकीची वाट पाहणं होतं. "हात रिकामे होते, ताई."

मला खुर्ची सापडेना.

"छान झालेत," मी म्हटलं. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "कात्री कुठे आहे? दे इकडे. हे सगळे मला दे."

"थांब ना. आणि तू कधी सुरू केलंस?"

"काय?"

"हे." त्यानं वरचा चौकोन उचलला. "मी चहा ठेवायला उठलो तेव्हा कोरा होता. तू आत्ता येतेयस, तर मला वाटलं सकाळीच करून ठेवला असशील आणि चळतीत माझाच घोळ झाला." तो चौकोन उन्हात धरून पाहत होता. "आपलं आडनाव आहे. आईसाठी करतेयस ना?"

मी त्याच्या हातातून चौकोन घेतला.

उजव्या कडेला, गडद निळ्या दोऱ्यात, आमचं आडनाव. पेन्सिलीची रेघ नाही. उलटी बाजू स्वच्छ. डावीकडे नावापुरती जागा कोरी.

हे आडनाव लावणारे आता दोघंच आहोत.

"आईसाठीच ना?" त्यानं पुन्हा विचारलं.

आडनावाच्या अलीकडे, जिथून नाव सुरू व्हायचं तिथे, दोऱ्यासकट सुई खोचलेली होती. ती काढायला मी चिमटीत धरली.

सुई कोमट होती. कुणी बोटांतून नुकतीच सोडावी तशी.