घराबाहेर गेलेला विस्तव

बाप्तिस्मा न झालेलं मूल घरात असेपर्यंत विस्तव कुणाला द्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही. आम्हा दोघी बहिणींना वाढवणाऱ्या शीना मावशीचा हा नियम. मी ग्लासगोच्या कॉलेजात शिकून आले, तरी तो तसाच होता.

माझ्या बहिणीला, एफीला मुलगा झाला तेव्हा तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, आणि वादळामुळे पाद्री खाडीपलीकडे अडकलेला. अशात एक ओलीचिंब म्हातारी दारात आली. चूल विझली म्हणाली. एफी मऊ मनाची. तिने चिमट्यात धरून चुलीतलं जळतं ढेकूळ देऊन टाकलं; आमच्याकडे दलदलीतली वाळवलेली मातीच जाळतात.

दुसऱ्या दिवसापासून बाळ रडायचं थांबेना. कितीही पाजलं तरी भूक भागेना. अंगाला ओल्या मातीचा वास.

"हे आपलं नाही," मावशी कुजबुजली. "टेकडीवर ठेवून यायचं. त्यांचं ते नेतील... आपलं आणून देतील."

"या पावसात? मरेल ते!"

"हळू बोल. ऐकतात ती."

"ऐकू देत! टेकडीखालच्या पऱ्या म्हणे!"

"नाव घेऊ नकोस, शहाणे!" मावशीचे यजमान, टॉर्कल काका, खेकसले. "कॉलेजात तोंड चालवायलाच शिकवतात वाटतं. एवढी धीट आहेस, तर जा, टेकडीला कान लावून ये."

एफी भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मला माझं बाळ हवंय, उना," एवढंच म्हणाली.

मी गेले. दुपारच होती, पण धुक्याने कातरवेळ करून टाकली होती. टेकडी म्हणजे घरामागचा गवताळ उंचवटा. मेंढ्यासुद्धा तिथे चरत नाहीत. पाऊस कोसळत होता, आणि गवताच्या मुळांतून धूर येत होता... चुलीचा, ओळखीचा. मी गुडघे टेकून कान लावला.

खोल आत एक बाळ रडत होतं. रडून रडून घसा बसलेलं.

मी नखांनी माती उकरली. आवाज आणखी खोल गेला. हात काढून घेतला, तसा पुन्हा वर आला...

परतले तेव्हा मावशीने बाळ शालीत गुंडाळून टोपलीत घातलं होतं. काका बूट चढवत होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग सर बाजूला."

मी टोपलीतून बाळ उचललं. ते माझं बोट चोखू लागलं.

"नाही. आतलं आपलं असेल, तर त्याच्यासाठी मी फावड्याने टेकडी फोडेन. पण हे कुणाचंही असो, भुकेलं आहे. याला मी थंडीत मरायला ठेवू देणार नाही. हात लावून बघाच!"

काका ताडकन उठले, आणि तसेच उभे राहिले. मावशीही मागे वळली. दोघंही माझ्याकडे बघत नव्हती.

बाळ माझ्या कुशीत शांत झोपलं होतं. पण एफी उठून बसली होती, दाराकडे मान वळवून, बाहेरून बाळाचं रडणं ऐकू येत असल्यासारखी. आणि तिचा झगा छातीपाशी दुधाने भिजत चालला होता.