जाहिरातीनंतर

शिंपीणकाकूंचं टीव्हीचं वेड गल्लीला ठाऊक होतं. पाय मशीनवर, नजर पडद्यावर. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. मुलीनं कामावर जाताना निक्षून सांगितलं होतं, "आई, पोर तुझ्याजवळ असताना टीव्ही नको. ती आता चालायला लागलीय." काकूंनी मान डोलावली होती. पण दुपारी नात ठोकळ्यांत रमली आणि बटणाकडे गेलेला हात काही मागे आला नाही. एकच भाग, असं त्यांनी स्वतःला बजावलं. जित्याची खोड, दुसरं काय!

नातीच्या फ्रॉकला गळपट्टी लावता लावता त्यांनी वर पाहिलं आणि पाय जागच्या जागी थांबले. मालिकेतल्या दिवाणखान्यात त्यांचे यजमान बसले होते. त्यांना जाऊन वर्ष लोटलं होतं. तोच चष्मा, गळ्यात तीच टेप.

"जाताना तुला एक सांगायचं राहिलं गं…"

"काय?" काकूंनी विचारलं.

"जाहिरातीनंतर सांगतो. उठू नकोस."

साबणाची जाहिरात झाली, चहाची झाली. ते परत आले, हसले. "थांब हं… आणखी एकच." खोलीत गरम इस्त्रीचा वास भरला होता, इस्त्री तर थंड होती. दारापाशी नातीची पावलं वाजली. दार उघडं, पुढे जिना. काकूंना सगळं कळत होतं, पण मान वळेना. यजमानांच्या शेवटच्या एका शब्दासाठी त्या वर्षभर झुरल्या होत्या.

"माझ्याकडे बघ… आत्ता सांगतोच."

हा माणूस जन्मात कुणाला ताटकळत ठेवत नसे, काकूंच्या मनात आलं.

"तुम्ही ते नव्हेच," त्या म्हणाल्या आणि डोळे घट्ट मिटून उठल्या. भिंत चाचपत निघाल्या. मागून हाका आल्या, आधी लाडीगोडीच्या, मग रडवेल्या. काळीज तुटत होतं, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. जिन्याच्या तोंडाशी नात हाताला लागली तेव्हाच डोळे उघडले. पोर खुदकन हसली. काकूंना हसू नि रडू एकदमच आलं. जिंकल्या होत्या त्या, स्वतःवरच.

नातीला कडेवर घेऊन, पडद्याकडे पाठ करून त्यांनी वायर उपटली. हाक अर्ध्यातच तुटली.

"आता बोला," काकू म्हणाल्या.

मग त्या मशीनकडे वळल्या. फ्रॉकचा गळा कुणीतरी बारीक, सुबक टाक्यांनी पार शिवून बंद केला होता. काकूंनी शांतपणे कात्री घेतली आणि एकेक टाका उसवला. दोरा अजून कोमट होता.