सैल गळ्याची वीस काडतुसं

बावीस वर्षं दर वसंतात अर्ज भरल्यावर माझ्या नवऱ्याच्या, हार्लनच्या, नावाची चिठ्ठी अखेर निघाली. सॅमन नदीवरच्या कड्यांमधला एक रानमेंढा मारायची परवानगी! हा परवाना आमच्या आयडाहोत माणसाला जन्मात एकदाच मिळतो. चिठ्ठी आली तेव्हा हार्लन सदुसष्ट वर्षांचा होता आणि त्याचे हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली होती. नशिबाला वेळ पाळायची सवय नाही, त्याला कोण काय करणार?

त्याची रायफलही त्याच्यासारखीच, कुणाशी न जुळणारी. तिचं काडतूस त्यानं तरुणपणी स्वतः बेतलं होतं. मोठ्या काडतुसाचं पितळी कवच घ्यायचं, त्याचा गळा आवळून बारीक करायचा आणि त्यात लहान गोळी बसवायची. असल्या घरगुती काडतुसांना आमच्याकडे रानमांजर म्हणतात. ती जगातल्या एकाही दुकानात मिळत नाहीत. घरून न्याल तेवढीच. आम्ही वीस नेली.

तिसरा गडी ऑर्वल टिंडल, खेचरवाला. हार्लनचा शाळेपासूनचा दोस्त, आणि शाळेपासून गप्प न बसलेला. चार दिवस आम्ही त्याच्या खेचरांमागे चढलो. नदी दोनदा ओलांडली, दुसऱ्यांदा पिठाची पिशवी वाहून गेली. एका घसाऱ्यावर मागचं खेचर गुडघ्यांवर बसलं ते तासभर उठेना. ऑर्वलनं त्याला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग तोही त्याच्याशेजारी बसला. खरं तर तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तसं बसायचं होतं.

पाचव्या दिवशी नुसतेच कडे पाहून आम्ही तळावर परतलो. तळावर भरलेली बंदूक आणायची नाही, हा आमच्याकडचा नेम. हार्लननं बोल्ट, म्हणजे काडतूस आत-बाहेर करणारा खटका, मागे ओढला आणि कवच बाहेर आलं. रिकामं! काळ्या दाण्यांची दारू बोल्टातून त्याच्या मांडीवर सांडली. गोळी मागेच राहिली होती, नळीच्या आट्यांत रुतून.

हार्लननं मांडीवरची दारू झटकली.

ऑर्वलनं डब्यातलं एक काडतूस उचललं आणि चिमटीनं गोळी फिरवली. ती बाटलीच्या झाकणासारखी गरगर फिरली. दुसरं उचललं. तेही तसंच.

"काय रे हे? म्हाताऱ्या तोंडातले हलते दात आहेत का? कुणी भरली ही?"

"मी," मी म्हणाले.

"मग वर्लाबाई, तुझ्या हातच्या पावांसारखीच झालीत. वरून छान, आतून भुसभुशीत."

"ते पाव तू आठ खाल्लेस."

"भूक आंधळी असते."

हार्लननं रायफल मांडीवर आडवी घेतली. नळीच्या तोंडातून साफसफाईची सळई घालून तो अडकलेली गोळी ठोकत बसला. शेवटी ती मागून बाहेर पडली.

खरं असं, की पितळ वापरून वापरून कडक होतं, म्हणून गळा अधूनमधून आचेवर नरम करावा लागतो. क्षणभरच. वसंतात हार्लननं हे काम स्वतः केलं. त्याचे हात थरथरायला लागल्यापासून बाकी सगळं मी शिकले होते, हे एवढं त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. त्याला चिमटा पटकन काढता येत नव्हता. एकेक गळा लालभडक होत होता. तसं भाजलेलं पितळ गोळी धरत नाही. पुढे मी गोळ्या बसवल्या तेव्हा त्या लोण्यात सुरी जावी तशा आत गेल्या. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण त्याला सांगायचं कोणी? म्हणून 'मी' म्हणाले ते खोटंही नव्हतं.

मोसमाचा एकच दिवस उरला होता. सकाळी बर्फ भुरभुरायला लागलं.

"उतरू या," ऑर्वल म्हणाला. "उद्या खिंड बंद झाली की खेचरं खावी लागतील, आणि ती माझ्यापेक्षा चिवट आहेत."

"दोन तास दे," मी म्हणाले.

सामानात आमचा हातदाब, म्हणजे मुठीनं आवळायचं छोटं दाबयंत्र, आणि गळा आवळायचा साचा होता. साच्याच्या मधोमध एक दांडी असते. तिच्या टोकाचा फुगवटा आवळलेला गळा आतून पुन्हा मापावर आणतो. मी ती दांडीच काढून टाकली. आता गळा नेहमीपेक्षा जास्त आवळला जाणार होता, आणि बुडाच्या, ठिणगी देणाऱ्या जिवंत टोपीला दांडीचा धक्काही लागणार नव्हता. आगीपासून लांब, तंबूत बसले. गोळी बोटांनी उपसायची. दारू कॉफीच्या पेल्यात. कवचाला वंगण म्हणून बेकनची चरबी. दाब! पुसायचं. तीच दारू त्याच कवचात, दाणाही न सांडता. गोळी परत बसवायची. मग काडतूस उलटं धरून गोळीचं टोक पेटीच्या लाकडावर रेटायचं, सरकते का ते बघायला.

पहिली गोळी आत सरकली. दुसरीही. तिसऱ्या कवचाचा गळा दुमडला. मनगटं भरून आली. एकोणिसातली चार टिकली.

"चार," मी म्हणाले.

"मेंढा एकच मारायचाय," हार्लन म्हणाला.

आम्ही चढलो. दगड निसरडे, वारा तोंडावर. हार्लन दोनदा पडला. दोन्ही वेळा त्यानं रायफल वर धरली आणि गुडघा फोडून घेतला. दुपारी ऑर्वल एकदम खाली बसला.

"तो बघ!"

घळीपलीकडे, दोनशे यार्डांवर, कड्याच्या अगदी काठाशी मेंढा उभा होता. शिंगांचा पुरता वेढा गालापर्यंत आलेला!

हार्लन आडवा झाला. पाठपिशवीवर रायफल टेकवली. बोल्ट पुढे. खट्! मी शेजारी पोटावर पडले. नळीचं टोक गोल गोल फिरत होतं, लहान लहान. तो श्वास सोडून थांबला. टोक फिरतच राहिलं.

"मार ना!" ऑर्वल कुजबुजला. "काय, त्याच्या वाढदिवसाची वाट बघतोस?"

हार्लननं पुन्हा श्वास घेतला. पुन्हा थांबला. मेंढ्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. बर्फ त्याच्या पाठीवर साचत होतं.

"पोटात लागेल," हार्लन हळूच म्हणाला. "मग पडेल दरीत. दोन दिवस तडफडेल आणि आपल्याला सापडायचाही नाही."

त्यानं बोट काढलं. मेंढा सावकाश वळला आणि कड्याआड गेला, जणू आमचंच काहीतरी आटपायची वाट पाहत होता.

ऑर्वलनं टोपी काढली, बर्फ झटकलं, परत घातली.

हार्लननं बोल्ट मागे ओढला. मी डोळे मिटले. दारू सांडल्याचा आवाज आला नाही. उघडून पाहिलं, तर त्याच्या तळहातावर अख्खं काडतूस होतं, गोळीसकट. त्यानं अंगठ्यानं गोळी फिरवून पाहिली. जोर लावून पाहिली. हलेना.

"घट्ट बसलीय," तो म्हणाला. मग, "ते गळे मी भाजले होते, वर्ला."

"माहीत आहे मला."

"वसंतापासून?"

"दारातच उभी होते."

त्यानं मान हलवली. काडतूस माझ्या कोटाच्या खिशात टाकताना त्याला खिसा सापडेना, तेव्हा मी तो धरून ठेवला.

"चला," ऑर्वल म्हणाला. "खिंड थांबणार नाही, आणि खेचरं तर मुळीच नाहीत."

आम्ही उठलो. हार्लननं रायफल माझ्याकडे दिली. आमच्या संसाराच्या तीस वर्षांत पहिल्यांदाच. जड होती. मी ती खांद्याला अडकवली आणि त्याच्या पुढे नाही, मागे नाही, बाजूनं उतरायला लागले.