'फौजदार' ठशाचे पाच खिळे

दुपारी दोनला गिऱ्हाईक येणार, आणि बाराला कळलं की 'फौजदार'चे पाच खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, गायब आहेत.

फौजदार म्हणजे छापखान्यातला सर्वांत जुना अक्षरांचा ठसा. जाडजूड, भारदस्त, प्रत्येक अक्षराच्या पायाशी बूट घातल्यासारखी आडवी पट्टी. त्यात छापलेली कुजबुजही चार गल्ल्या पलीकडे ऐकू जाते, असं लोक म्हणत. मी दोनच सांगतो, उगाच फुगवून कशाला सांगा! नाटकाची जाहिरात, सभेची हाक, 'सावधान'ची पाटी, जिथे ओरडायचं तिथे फौजदार. आणि जिथे ओरडताही येत नाही, त्या निधनवार्तेतलं नावही त्याच ठशात.

आज अख्खा ठसा विकला जाणार होता.

मालक म्हाताऱ्या जुळाऱ्यावर कडाडले. "किल्ली तुमच्याकडे असते. खिळे काढा, नाहीतर चला पोलिसांकडे!"

चाळीस वर्षं शब्द जुळवणाऱ्याला एक शब्द जुळेना.

मुद्रितं तपासणाऱ्या बाई उठल्या. लोकांच्या चुका काढण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"नेमकं काय गेलंय?"

"च, म, पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी आणि सहाचा आकडा. सगळं एकेक," जुळाऱ्याने सांगितलं.

"शिशासाठी चोरी करणारा मूठ भरून नेईल, वेचत बसणार नाही. काल इथे कोण आलं होतं?"

"आपल्या मालकीण वहिनी तेवढ्या, वरून मालकांचा चष्मा द्यायला. मी शाई आणायला गेलो होतो."

"हा ठसा शेवटचा कधी जुळवलात?"

जुळाऱ्याने मान खाली घातली. "अकरा वर्षांपूर्वी. मालकांच्या मुलीची निधनवार्ता. मग त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही."

"केवढी होती?"

"तीन वर्षांची."

बाई म्हणाल्या, "वहिनींना खाली बोलवा."

वहिनी आल्या. पदराखाली मूठ आवळलेली.

"जुळारी चोर नाही," बाई म्हणाल्या. "खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उलटा सहा नवख्याला तीन वाटतो; जुळाऱ्याला कधीच नाही. ज्यानं उचलला त्याला हवा होता तीन. च, म, दोन वेलांट्या: चिमी. वय वर्षे तीन. हो ना, वहिनी?"

मूठ उघडली. पाच खिळे.

"तिचं नाव याच ठशात, एकदाच छापून आलं," वहिनी म्हणाल्या. "तेही विकायचं?"

बाईंनी आकड्याला शाई लावून तो कागदावर दाबला. सहा उमटला. जुळाऱ्याने मुकाट्याने खान्यातून तीन काढून पुढे धरला.

वहिनींनी मान हलवली. "राहू दे सहाच. सहा वर्षांची कशी दिसली असती, ते जरा बघू दे मला."

मालकांनी जुळाऱ्यासमोर हात जोडले.

"माझं राहू द्या, साहेब," म्हातारा म्हणाला. "आधी त्यांच्यापाशी बसा."